एकोणीस अंशांवर

फोन आला तेव्हा पहाटेचे पावणेतीन.
कीथलीच्या पार्कातलं काचघर, बॉयलर बंद.
हेझल ॲक्रॉइड दारातच उभी, नाइटीवर डगला:
"चोवीस लागतात त्यांना. आत्ता एकोणीस आहे
आणि उतरतंय."

मी आधी बॉयलर बघितला. पक्षी नाही.
फ्लेम सेन्सरवर काजळी, केसाएवढी.
अशा वेळी ज्योत पेटते, नीट पेटते,
पण सेन्सरला ती दिसत नाही,
म्हणून तो गॅस तोडतो. तीनदा.
मग रुसल्यासारखा लाल दिवा.

पॉलिश पेपर घासता घासता टॉर्च वर गेला
आणि फांदीवर होता तो: लिंबाएवढा गोळा,
पिसं फुगवलेली, डोळे मिटलेले.
खाली पाटी. टॅनेजर, ॲमेझॉनचं खोरं.
रंगांबद्दल एक अक्षर नाही.

रंगांचं माझ्याकडे होतं.
आई इचलकरंजीत फॉल-पिको करायची,
साडीतून काढलेला दोरा माझ्या बोटाला गुंडाळून
रीळ जुळवायला पिटाळायची.
"चिंतामणी आण, आनंदी नको.
गुलबक्षी दिला तर परत कर, हा अंजिरी आहे."
नऊ वर्षांची मी, दुकानाच्या पायरीवर
उन्हात रीळ धरून, एक डोळा मिटून.

इथे सोळा वर्षं झाली.
इथे मी म्हणते, ब्लू.
फार तर, लाइट ब्लू.

हेझल टॉर्च धरते. मी मोठ्यानं मोजते:
डोकं पोपटी. नाही, मुगाच्या कोवळ्या शेंगेचं.
गळा वांगी.
पोट आनंदी. पैज लावते, आनंदीच.
शेपटीच्या वर डाळिंबी, खाली हळदीचा काठ.
पाठ सगळी चंद्रकळा.
"प्रार्थना आहे का ही?" हेझल हळूच विचारते.
"नाही. मॅचिंग."

चारला बॉयलरनं ज्योत धरून ठेवली.
आईला फोन लावला. तिकडे साडेनऊ, कुकरची शिट्टी.
सगळं ऐकून ती म्हणाली,
"पाठ काळी आहे ना? मग ठीक.
काळं असलं की बाकीचे भांडत नाहीत.
दोरा काळाच घाल."
मग, जाता जाता सांगावं तसं:
मोतीबिंदूची तारीख पुढे गेलीय,
हल्ली चिंतामणी आणि आनंदी एकच दिसतात.

मी काही बोलले नाही. पाइप तडतडत गरम होत होते.
वीस. एकवीस.
बावीसला पिसं खाली बसली, गोळ्याचा पक्षी झाला,
त्यानं चोच फांदीला दोनदा पुसली
आणि पपईच्या फोडीकडे उडी मारली.

फॉर्मवर लिहिलं: सेन्सर साफ केला.
सही करताना हेझल थांबली.
"ते पोटाचं काय म्हणालीस?"
"आनंदी."
"अनंडी," ती म्हणाली.
"जवळपास," मी पाने आवरत म्हटलं,
"एक छटा वर घे."