ओल

म्हापशाला, बोस्त्यांवच्या दुकानात,
लग्नाच्या जोडप्यांमागे
एक जेजू आणि एक शांतादुर्गा यांच्या मधे
ते उभं होतं : राखाडी, खाली थोडं पिवळं,
कोपऱ्यात तांबडा ठिपका,
चुकून पडल्यासारखा.

वरची बाजू कुठली?
त्यानं उलटं करून पाहिलं.
हूक आहे ती.

फ्रेमचे सहाशे, काचेचे दोनशे वीस,
चित्राचे... तो थांबला.
मूळ कुठंतरी परदेशात, बाये, ही छापील.
चित्राचे राहू देत.

कदंबात मांडीवर घेऊन बसले.
शेजारणीनं पेपर जरा सारला,
हळू आवाजात विचारलं, कोण तुमचे?
तोंडून निघून गेलं : सासरचे.
तिनं हात जोडले.

उल्हास म्हणाला, भिंतीची ओल झाकायला घेतलंस ना?
हो म्हटलं. सोपं होतं ते.

आता ऑगस्ट.
ओल फ्रेमबाहेर आलीय, डावीकडून, सावकाश,
तीच राखाडी, खाली तेच पिवळं.
चिऱ्याची भिंत आमची, आजेसासऱ्यांनी बांधलेली.

उल्हासनं रंगाऱ्याला बोलावलंय उद्या.
मी म्हटलं, चतुर्थी होऊ दे,
अजून तांबडं यायचंय.