पोचपावती

कामिशिनहून लुकेर्या येगोरोव्हनाचं पत्र आलं,
चौकटीच्या वहीचा कागद, जांभळी शाई:
तुमचं ते यंत्र रात्री तरी बंद ठेवा.
दोन वर्षं माझ्या कवटीत गुणगुणतंय.
मधमाश्याही त्यानंच गेल्या.

मी खिडकीतून पाहिलं.
बारा रांगा, रांगेत बारा खांब,
आणि खांबांमधून डोकं काढणारी बर्चची पोरं;
दर उन्हाळ्यात विळ्यानं कापते, दर उन्हाळ्यात येतात.
विजेचं बिल थकलंय. फेब्रुवारीपासून
यंत्राच्या खोलीत जागा असतो फक्त उंदीर.

पूर आला, की आम्ही.
पाऊस हुकला, की आम्ही.
कुणाचा जावई दारू सोडेना, त्याचंही खापर इथंच.
कावळा बसायला आणि फांदी तुटायला...
आमच्या तारांवर कावळे पुष्कळ बसतात,
फांद्या मात्र तुटतात हजार कोसांवर.

पूर्वी छापील उत्तर होतं:
आम्ही आकाशाचा अगदी वरचा थर
जरासा कोमट करतो, तो लगेच निवतो.
पोटमाळ्यावर दिवा लावला
म्हणून तळघरातलं पाणी उकळत नाही.
ते कागद संपले. नवे छापायला पैसे नाहीत.
मग मी हातानंच लिहिलं:
आजपासून रात्री बंद.

खोटं नव्हतं.
खरं तरी कितीसं होतं.

तीन आठवड्यांनी खोकं आलं,
रास्पबेरीचा मुरांबा, तोंडाला फुलाफुलांची चिंधी.
"झोप लागली, झिनाईदा पाखोमोव्हना.
एवढं साधं होतं,
तर आधी कुणी ऐकलं का नाही?"

याला छापील उत्तर कधीच नव्हतं.

सप्टेंबरात पैसे आले. चाळीस मिनिटांचा प्रयोग.
गेन्नादीनं खटका ओढला,
जनित्र म्हाताऱ्यासारखं खोकलं, मग लागलं.
वर काही दिसलं नाही. दिसत नाहीच;
कॅमेऱ्याला दिसतो म्हणतात, पुसट तांबूस डाग.
सगळे पडद्याकडे बघत होते, मी घड्याळाकडे.
नदीच्या उताराला, तिथं कामिशिनात
तिनं कूस बदलली असेल का?
मला माहीत होतं, नाही.
तरी एकोणचाळीसाव्या मिनिटापर्यंत
माझंच डोकं ठणकत राहिलं.

सकाळी चहात तिचा मुरांबा ढवळला.
टपालगाडी वळणावर वाजली,
तेव्हा मी विळा घेऊन खांबांमध्ये होते,
वाकलेली,
हवं त्याहून जरा जास्तच.