चादरीनं मोजलेलं घर

आधी वही केली.
डाव्या पानावर जमा: माझा विडीचा फंड,
ह्यांच्या भिशीचे दोन हप्ते,
मोडायची ठरवलेली पाटल्यांची जोडी (मोडायची की नाही, पुढं प्रश्नचिन्ह).
उजवं पान कोरं ठेवलं,
खर्च काय, आपला आपण येऊन बसतो.

बँकेतला पोरगा म्हणाला, काकू, सिबिल चांगलं आहे तुमचं.
मला वाटलं तब्येतीचं बोलतोय.

एजंट शिवशरण हत्तुरे.
पांढरी स्कूटर, दोन फोन, कपाळाला विभूती,
एका शनिवारात तीन घरं.
पहिलं जुळे सोलापुरात. "हवा बघा की वहिनी,"
म्हणून त्यानं खिडकी उघडली,
तर एप्रिलची दुपार आत आली
आणि पुढची दोन्ही घरं आमच्याबरोबर बघत फिरली.

मी सगळीकडं एकच विचारते:
पाणी कितव्या दिवशी?
"बोअर आहे."
बोअर आहे, पण नळाला कितव्या दिवशी?
मग त्याचा दुसरा फोन वाजतो.

तिसरं कुमठा नाक्याच्या पलीकडं, दुसरा मजला.
"सहाशे वीस कार्पेट, म्याकल अण्णा.
आणि एरिया एकदम शांत."
ह्यांनी माझ्याकडं बघितलं.
तीस वर्षं यंत्रमागावर काढलेल्या माणसाला
शांत तर सगळाच एरिया.
मी बोटांनी सांगितलं: सहा, दोन, शून्य.

मग ह्यांनी पिशवीतून चादर काढली.
स्वतःच्या मागावरची, मोरपंखी, साठ बाय नव्वद.
फरशीवर अंथरली, कोपऱ्याला खडूची खूण,
उचलली, पुढं अंथरली.
हॉल झाला, बेडरूम झाली,
स्वैपाकघरात अर्धी दुमडून घातली,
संडासाच्या दाराशी चपला काढून
नुसत्या नजरेनं मोजलं.
हत्तुरे आधी हसत होता,
नंतर घाम पुसत होता,
शेवटी त्यानंच दुसरं टोक धरलं,
ओढून, सरळ, एकही सुरकुती नाही.

"साडेसोळा पाहिजेत," हे म्हणाले, "भरल्या चौदा."
जरा मोठ्यानंच. कमी ऐकणारं माणूस
खरं बोललं तरी भांडल्यासारखं वाटतं.
"बाकीचं भिंतीत असतंय अण्णा, जिन्यात, लिफ्टमध्ये.
त्याला सुपर बिल्टप म्हणतात."
मी विचारलं, जिन्यात झोपायचं का आम्ही?

तेव्हा तो वळला बिल्डरच्या माणसाकडं
आणि हळूच म्हणाला, "इन्ना एरड कोडतार."

अजून दोन देतील.
दोन लाख. आमचे.

घरात आम्ही तेलुगू, बाजारात मराठी,
पण विडीच्या ब्रँचला वीस वर्षं
माझ्या उजव्या हाताला शांतव्वा बसायची,
तिच्या सासूला घातलेल्या शिव्यांसकट
सगळं कन्नड मी तंबाखूत मिसळून वळलंय.

तिथं काही बोलले नाही.
ओट्याची उंची बघितली, माझ्या कोपराच्या वर येत होता.
गच्चीवरून गड्ड्याचे दिवे दिसतील का, बघितलं.
दिसत नाहीत. मध्ये दुसरी बिल्डिंग.
घर मात्र मनात बसलं होतं, तेच अवघड.

खाली स्कूटरजवळ म्हणाला, वहिनी, टोकनचं काय?
म्हटलं, "एरड इल्ल. ओंदू इल्ल."

दोन्ही फोन एकदम गप्प.
मग म्हटलं, चौदा चादरींचा भाव सांग,
सर्च रिपोर्ट आमचा वकील काढेल,
आणि तुझी दलाली एक टक्का,
तीसुद्धा खरेदीखत झाल्यावर.
विचारून सांगतो, म्हणाला. कानापर्यंत लाल.

जाता जाता ह्यांच्या पिशवीकडं हात केला:
"अण्णा, पोरीचं लग्न आहे जूनमध्ये.
असल्या चार चादरी... कमीजास्त होईल ना?"
ह्यांना ऐकू गेलं नाही,
की गेलं, मला अजून कळलेलं नाही.
एवढंच विचारलं,
"कार्पेट देऊ, का सुपर बिल्टप?"

रिक्षात ह्यांच्या मांडीवर चादर,
एका कोपऱ्याला नव्या फरशीची धूळ.
झटकू नका, म्हटलं.
वहीचं उजवं पान अजून कोरंच.
उद्या पाण्याचा दिवस आहे,
घराचं परवा बघू.