तूट

आईचं विणायचं मशीन विकलं.
नऊ हजार. दहा सांगितले होते,
पण इगतपुरीच्या त्या बाईनं विचारलं,
"सुया सगळ्या धड आहेत ना ताई?"
आणि मला खोटं बोलायला उशीर झाला.
दोनशेतली एकशे एक्केचाळिसावी वाकडी आहे.
तिनं हजार उतरवले. माझी तक्रार नाही.
फोनवर का होईना, तोंडानं झालं ते.

पैसे कार्डावरून देते म्हणाली, हप्ते पाडून.
भाच्यानं लिंक करून दिली,
"मावशी, सेफ असतं हे."
रविवारी निघालेले नऊ हजार
मंगळवारी पोचले ते
आठ हजार सातशे सत्त्याऐंशी रुपये साठ पैसे.

दोनशे बारा रुपये चाळीस पैसे
मध्येच कुठल्यातरी स्टॉपला उतरले.
सुविधा शुल्क, असं लिहिलंय. दोन टक्के.
आणि त्या दोन टक्क्यांवर अठरा टक्के निराळे,
म्हणजे सावलीचीही सावली.
मी हिशेब सुयांत केला तेव्हा कुठे कळला:
दोनशेतल्या चार सुया
आणि पाचवी, मानेपासून कमरेच्या खालपर्यंत.

बिबवेवाडीत वाढलेल्या माणसाला कापाकापी नवी नाही.
दादा मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर दिवाणजी.
पट्टीवर लिहायचे आडत, हमाली, तोलाई, वाराई,
रक्कम एकेक ओळ खाली झिजत जायची.
पण हमाली म्हणजे बाळू घोलप,
पाठीवर गोणपाटाची जाळी उमटलेली.
तोलाई म्हणजे गफूरचाचा,
आधी काट्यावर फुंकर, मग वजन.
भांडायचं कुणाशी ते ठाऊक होतं.
दादा भांडायचे. साडेअकराला
त्यांच्याचबरोबर कटिंग घ्यायचे.

आईची रीत वेगळी.
बायका लोकर तोलून द्यायच्या,
ती स्वेटर तोलून द्यायची. वहीत नोंद:
*सौ. रणपिसे, मोरपिशी. आली साडेचारशे ग्रॅम.
गेली चारशे चाळीस. तूट दहा.*
गाठी, टोकं, उसवलेलं.
ती तूट जुन्या अभ्र्यात साठत गेली
आणि मी तिसरीत असताना अभ्र्यातून स्वेटर निघाला,
सोळा रंगांचा.

मी मिरवत शाळेत गेले.
मधल्या सुट्टीत रणपिसेंच्या वंदनानं
माझ्या बाहीवर बोट ठेवलं.
"हा आमचा रंग."
एवढंच. चिडून नाही, ओळख पटल्यासारखं.

पुढचे आठ दिवस मी बाही दुमडून फिरले.
आईनं काही विचारलं नाही.
एका सकाळी बाहीवरची तेवढीच पट्टी राखाडी होती,
आणि वहीत, परवा मशीन पुसताना सापडलं,
*रणपिसे. परत. दहा.*

आता मी ग्राहकसेवेला फोन लावून बसलेय.
मराठीसाठी तीन दाबा. दाबले.
तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
सतार वाजते. पुन्हा तीच सतार.
दोनशे बारा रुपयांसाठी नाही हो,
खरंच नाही. (थोडं आहेच.)
पण मला एकदा कुणीतरी
बाही दाखवायला हवी होती.

मशीन स्वारगेटहून पार्सलनं गेलं.
चढवणाऱ्या पोरानं दीडशे घेतले,
"मावशी, यात काय मढं भरलंय का?" म्हणाला.
त्याला मी एकशे सत्तर दिले.

काल इगतपुरीहून फोन.
"ताई, पोचलं. ती वाकडी सुई मी सरळ केली, चालतेय.
आणि तळाशी धाग्यांचा गुंता निघालाय मूठभर,
रंग सांगता येत नाही आता.
टाकून देऊ?"

तोलून बघा आधी, म्हटलं.
ती हसली. मग पलीकडे
काहीतरी ठेवल्याचा आवाज आला,
आणि ती गप्प झाली,
आकडा स्थिर व्हायची वाट बघत असावी.