हेल्वेचा नवरा

बाई म्हणाल्या, डोळे मिटा.
एक एस्टोनियन माणूस समोर आणा
आणि त्याच्याशी पाच मिनिटं बरं बोला.

आम्ही अकरा जण, नार्वाच्या शाळेत,
पोरांच्या बाकांत गुडघे अडकवून बसलेले.
वेल्डर ल्योन्या लगेच घोरायला लागला.
मी आणली हेल्वेला.
साठीची. बोटांवर ब्लूबेरीचे डाग,
मांडीवर टोपली, रानातल्या पिवळ्या अळंब्यांची.

तार्तूच्या दुकानात मी तोंड उघडलं
की गल्ल्यावरची पोरगी
दुसऱ्याच शब्दाला इंग्रजीवर जाते.
दयाच असते ती,
पण हळूच दार लावून घेतल्यासारखी.
हेल्वे कुठेच गेली नाही.
जाणार कशी?
मला येतं तेवढंच तिला येतं.

पहिला महिना आम्ही बटाट्यांचे भाव केले.
दुसरा, हवा.
मग कुटुंबाचा धडा आला
आणि मी विचारलं, नवरा काय करतो?
हेल्वे थांबली.
मरणाचा शब्द तेराव्या धड्यात, आम्ही सहाव्यात.
"घरी नाही," म्हणाली.
मग कुठे?
"घरी नाही. दुकानात नाही. बसमध्ये नाही."
नकार आम्हाला छान यायचे.

त्या रात्री पुस्तक मागून उघडलं,
तिच्यासाठी.
सूरी. म्हणजे मेला.
का मेली?
इथे तो नाही, ती नाही, दोघांना मिळून एकच 'ता'.
ता सूरी.
आपलं माणूस गेलं तर
आमच्या रशियनमध्ये रडण्याआधी सांगावं लागतं, तो की ती.
मग लोक पुढचं विचारतात.
इथे कोणी काही विचारलं नाही.
कापडगिरणी बंद पडली त्या हिवाळ्यापासून
घशात अडकून बसलेलं
तीन अक्षरांत बाहेर आलं,
स्वयंपाकघरात, नळ चालू ठेवून.
हेल्वेने ऐकून घेतलं.
म्हणाली, "बटाटे मलाही महाग वाटतात."

परीक्षेत प्रश्न आला: ओळखीच्या एका व्यक्तीबद्दल सांगा.
सांगितलं. टोपली, डाग, घरी नसलेला नवरा.
परीक्षक म्हणाला, विभक्ती चौदा आहेत,
तुम्ही पाचांवर भागवलंत.
पण भागलं.
मग कागद गोळा करता करता, सहज,
"कुठे राहते ही हेल्वे?"
इथेच, म्हटलं. नदीकाठी.

पुलाजवळ वारा होता.
पलीकडे किल्ला, किल्ल्यामागे माझी बहीण;
तिच्याकडे जायचं तर हल्ली अर्धा दिवस रांगेत जातो.
कठड्याला टेकून हेल्वेला निकाल सांगितला.
तशी ती भराभर बोलायला लागली,
एकच लांब वाक्य, मध्येच हसली,
पुस्तकातला एक शब्द नाही त्यात.

हळू, हेल्वे.
हे नाही कळलं मला.
परत सांग.