येते

तेवीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
मी रशियन पुस्तिका मराठीत आणल्या.
झडप, वंगण, दाब, धोका.
‘झाकण उघडण्यापूर्वी यंत्र थंड होऊ द्यावे.’
त्या देशाचं मला एवढंच ठाऊक,
की तिथं झाकणं सावकाश उघडतात.

निवृत्तीनंतर गेले. एकटी.
खिडकीतून दीड दिवस बर्चची झाडं,
पांढऱ्या बुंध्यांवर काळ्या रेघोट्या,
पेन चालतंय का बघायला कुणी झटकावं तशा.
मग कारेलियातलं एक तळं,
रात्री अकरा वाजता उन्हात पसरलेलं,
आणि काठावर झिनाईदा पावलोव्नाचं लाकडी घर.

‘चहा घेणार?’ तिनं विचारलं.
‘परवानगी आहे,’ मी म्हणाले.
हसता हसता ती ओट्याला टेकली.
पुढचे पंधरा दिवस
ती माझ्यातलं यंत्र सुटं करत राहिली.
शेवाळाला काय म्हणायचं,
पाऊल आत ओढून घेणाऱ्या जमिनीला काय,
आणि झुडपातल्या त्या इवल्याशा काळ्या फळाला:
चेरनिका.
मी जीभ बाहेर काढून दाखवली, जांभळी.
हे मात्र मला शाळेपासून येतं, म्हटलं,
आमच्याकडे झाड मोठं असतं, एवढंच.

निघताना तिनं मला बॅगेवर बसवलं,
स्वतः स्टुलावर.
प्रवासाआधी बसायचं असतं म्हणे, काही न बोलता.
घड्याळ. एक माशी.
तळ्यावर लांब कुणाचं तरी वल्हं.
मग ती उठली.

जाते कसं म्हणायचं?
आईनं कधी म्हणू दिलं नाही.
‘येते,’ म्हटलं,
तिच्या भाषेत, शब्दाला शब्द,
हाताची सवय.
‘कधी?’
तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, पेन शोधलं.
माझ्या तोंडून सप्टेंबर गेलं.
वर्ष नाही सांगितलं.
तिनं अख्ख्या महिन्याभोवती गोल काढला.

आता पौड रस्त्यावर,
बँकेत जायचं असलं तरी
मी चपलांच्या कपाटावर क्षणभर बसते.
‘गुडघा का गं?’ हेरंब आतून विचारतो.
हो म्हणते. सोपं पडतं.

वेताळ टेकडीवर सालईची साल सुटते,
पातळ, तांबूस, कागदासारखी.
इतकी वर्षं शेजारून चालत होते,
हात लावला नव्हता.
एक पापुद्रा वहीत आणून ठेवलाय.

आज चार सप्टेंबर.
नदीपात्रात ढोलांचा सराव चाललाय,
भांड्यांच्या फडताळापर्यंत ऐकू येतो.
मी बसलेय.
बॅग अजून माळ्यावर.