इतिवृत्तात न आलेलं

नोटीस गुरुवारी लागली.
पिवळा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत,
चॅपलच्या गल्लीत दिव्याच्या खांबाला बांधलेला:
‘एकमजली घर, प्रस्तावित.
हरकती एकवीस दिवसांत.’

प्रस्तावित घराचा पाया तोवर भरून झाला होता.
जेसीबी आधीच्याच आठवड्यात येऊन गेला,
हॉथॉर्नचं कुंपण मुळांसकट रस्त्याकडेला पडलेलं,
त्यात गेल्या वर्षीचं एक रिकामं घरटं.

मी हॅडरथ्वेटच्या ग्रामपरिषदेची कारकून.
महिन्याला दोन संध्याकाळी, चहाबिस्किटं धरून.
कोण काय बोललं ते मी असं लिहिते
की वाचणाऱ्याला वाटावं, कुणी काहीच बोललं नाही.

बर्कीटनं टेबलावर मूठ आपटली, साखर सांडली.
*चर्चा झाली.*
फिअरन म्हणाला, मग मीही मेंढवाड्यात हॉटेल काढतो,
विचारतो सावकाश, दिवाळखोरीनंतर.
*सूचना नोंदवली.*

लॅन्टी माउन्सी टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या दगडी भिंती रचलेला माणूस,
बोलतानाही एकेक शब्द हातात तोलून बघतो.
नकाशा तीनदा परत आला, म्हणाला.
लेक दोन हिवाळे काराव्हॅनमध्ये काढतेय.
नातीच्या उशाला बुरशी.
काँक्रीटवाला मार्चमध्येच येतो म्हणाला.
वरातीमागून घोडं, हे त्यालाही कळत होतं;
पण घोडं येणारच आहे ना, असा सूर.

‘घोड्याचं राहू दे,’ मॉड रेल्फ म्हणाली.
‘माझ्या मोरीच्या खिडकीचं बोल.’
पंचेचाळीस वर्षं भांडी घासताना
तिच्यासमोर तो डोंगर आहे.
नवरा गेला त्या सकाळीही होता.

मग ती रांगा मोजू लागली.
चौथी रांग, लिहायची ती कौन्सिलला. पाचवी. शनिवारीसुद्धा काम.
निळी शाई संपली तेव्हा पेन्सिलनं.
अकरा पत्रं, सगळ्यांच्या प्रती माझ्याकडे.
पेनरिथच्या बाजाराला एका गाडीतून जाणाऱ्या दोघी बहिणी
आता दोन गाड्या काढतात.
दुकानात पावाच्या फळीपाशी कोण उभं आहे
ते काचेतून बघून लोक आत शिरतात.

एप्रिलात तपासणीचा माणूस आला.
पोरगेलासा, नवे बूट, हातात टेप.
अर्जातला एक प्रश्न त्यानं मोठ्यानं वाचला:
‘काम सुरू झाले आहे काय?’
खाली लॅन्टीची खूण: नाही. अकरा मार्च.
‘तर मग नक्की कधी सुरू झालं?’

पावसाचं चिन्ह नव्हतं, तरी सगळे आभाळाकडे बघू लागले.
मला ठाऊक होतं. तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.
दाराच्या उंबऱ्याशी, काँक्रीटच्या कोपऱ्यात
सहा वर्षांच्या हेटीचा पंजा उमटलाय, पाची बोटं पसरून,
आणि खिळ्यानं कोरलंय, अक्षर तिरकं:
हेटी, ३ मार्च.

टेप उलगडत तो त्या बाजूला वळला.
लॅन्टीचा चेहरा लांबीसारखा पांढुरका.
तेवढ्यात मॉड पुढे आली, मोठे रबरी बूट घालून,
आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली.
नीट, दोन्ही पाय जुळवून.
‘इथून माप घ्या,’ म्हणाली, ‘इथून माझी खिडकी दिसते.’
तो वाकला, माप घेतलं, आकडा लिहिला,
तिच्या बुटांना वळसा घालून गेला.

तिला खाली काय आहे ते माहीत होतं का?
मी विचारलं नाही. ती असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही.
दुसऱ्या दिवशी बारावं पत्र आलं, पेन्सिलनं:
नववी रांग. डोंगराचा आता फक्त माथा.
परवानगी देऊ नये.

निर्णय जूनवर गेलाय.
भिंतींवर ताडपत्री फडफडते, रात्री मलासुद्धा ऐकू येते.
काल पाहणीचं इतिवृत्त पूर्ण केलं.
बुटांसाठी त्यात रकाना नाही.
उपस्थितांची नावं लिहिली, वर्णानुक्रमे,
आणि तिच्या नावापुढे, का कोण जाणे,
एक शब्द जास्त लिहून गेले:
मॉड रेल्फ, उभ्यानं.